ठेवू का?

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



आपण मराठी माणसं फोनवरचं बोलणं कसं संपवतो, याकडे कधी लक्ष गेलंय तुमचं? विषय संपतो, दोन क्षण शांतता होते आणि मग एकजण विचारतो, 'बरं, ठेवू का मग?' पलीकडून येतं, 'हं, ठेव.' तरी लगेच कुणी ठेवत नाही. 'ये मग एकदा घरी', 'येते ना', 'वहिनींना सांग' असं थोडं होतं आणि मग कुठे फोन खाली जातो. निघालेला पाहुणा दारात चपला घालता घालता बोलत उभा राहतो, तसंच हे. मला ही रीत आवडते. मात्र अलीकडे काही माणसांनी नेमकी हीच रीत ओळखून आपल्या घरात शिरायची वाट शोधली आहे. ज्याला आपण ओळखत नाही, ज्याला आपण बोलावलं नाही, त्यालाही आपण विचारत बसतो, 'ठेवू का?' आज मला त्याबद्दल बोलायचं आहे.

मी टेलिफोन खात्यात 36 वर्षं नोकरी केली. 1976 साली ट्रंक ऑपरेटर म्हणून पुण्यात लागले आणि 2012 साली साताऱ्यातून निवृत्त झाले. हे सांगायचं कारण म्हणजे फोन वाजला की घरातला माणूस हातातलं काम टाकून का धावतो, ते मी दुसऱ्या बाजूने पाहिलेलं आहे. तेव्हा ट्रंक कॉल बुक करून लोक तासन्‌तास वाट बघत. ऑर्डिनरी, अर्जंट आणि त्याहून घाई असेल तर लाइटनिंग. लाइटनिंगचा दर ऐकूनच माणसं अर्जंटवर यायची. इतके पैसे मोजून जो बोलणार, त्याच्याकडे सांगण्यासारखं काही असायचंच. कुणी गेलं, कुणी बाळंत झाली, नेमणुकीचं पत्र आलं. दर तीन मिनिटांनी आम्ही मध्ये बोलायचो, 'तीन मिनिटं झाली, वाढवायचा का?' बहुतेक वेळा तिथेच बोलणं संपायचं. म्हणजे फोन तोडायचं वाईट काम आमच्याकडे होतं. साठीच्या पुढच्या पिढीला फोन धावत जाऊन घ्यायची सवय लागली, तो मध्येच ठेवायची वेळ तिच्यावर फारशी आलीच नाही.

1995 साली मोबाइल आला तेव्हा आलेल्या कॉलचेही पैसे पडत. ते 2003 मध्ये थांबलं. पुढे दर उतरत उतरत असे आले, की आज फोन करणाऱ्याला एका कॉलचा खर्च जवळजवळ काहीच नाही. नको असलेल्या फोनांचं सगळं मूळ या एका गोष्टीत आहे. शंभरजणांना लावून नव्व्याण्णवांनी हाकललं आणि एकच सापडला, तरी त्याला परवडतं. खर्च होतो तो आपला वेळ, आपली झोप आणि कधी कधी आपली आयुष्याची पुंजी.

तसे नको असलेले फोन तेव्हाही होतेच. रॉंग नंबर, क्रॉस कनेक्शन, नुसता श्वास ऐकू येणारे ब्लँक कॉल. आणि बायकांना, मुलींना येणारे घाणेरडे फोन. त्यांच्या तक्रारी आमच्याकडे यायच्या. जुन्या एक्स्चेंजमध्ये कॉल कुठून आला हे शोधायचं, तर जोडणी चालू असतानाच शोधावं लागे. आमचा टेक्निशियन खडखडणाऱ्या यंत्रांच्या रांगांमधून एक एक जोडणी बघत मागे मागे जायचा. पलीकडच्याने फोन ठेवला की यंत्रं मोकळी आणि माग पुसला गेला. म्हणून तेव्हा आम्ही त्या बिचाऱ्या मुलीला सांगायचो, 'थोडा धीर धर, त्याला बोलण्यात गुंतव, फोन ठेवू नकोस.' आज हा सल्ला पूर्ण उलटा झाला आहे. आता कुठला नंबर कुणाला, किती वाजता, किती सेकंद लागला होता, याची नोंद आपोआप होते. तुम्ही एका सेकंदात फोन तोडलात तरी नोंद राहते. पुराव्यासाठी कुणाचं काही ऐकून घ्यायची गरज उरलेली नाही. आमच्या पिढीतल्या पुष्कळ बायकांच्या डोक्यात मात्र तो जुना सल्ला अजून बसलेला आहे, म्हणून मुद्दाम सांगते.

त्रास देणाऱ्याला उलट शिव्या देऊ नयेत, समजूतही घालू नये. त्याला उत्तर हवं असतं, मग ते कसलंही का असेना. फोन ठेवावा, कॉलची नोंद आणि मेसेज पुसू नयेत आणि सरळ पोलिसांत जावं. भारतीय न्याय संहिता 1 जुलै 2024 पासून लागू झाली. तिच्या कलम 78 मध्ये बाईच्या मनाविरुद्ध पुन्हा पुन्हा संपर्क साधणं हा गुन्हा आहे. तातडीची भीती वाटत असेल तर 112. घरची मंडळी पहिला सल्ला देतात तो 'नंबर बदलून टाक' असा. मला तो कधीच पटला नाही. वीस वर्षांचा नंबर तिने का सोडायचा?

आता विक्रीचे फोन. कर्ज घ्या, कार्ड घ्या, विमा घ्या, कर्जतला एन.ए. प्लॉट घ्या. याचा ताप इतका झाला, की 'ट्राय' या दूरसंचार नियामक संस्थेने 2007 साली नियम करून 'मला फोन करू नका' म्हणणाऱ्यांची देशभराची यादी सुरू केली. 2010 साली नियम बदलले, विक्रीच्या फोनांसाठी 140 ने सुरू होणारे नंबर आले. 2018 साली पुन्हा नवे नियम. 2025 च्या फेब्रुवारीत त्यात आणखी दुरुस्त्या झाल्या. इतक्या वेळा नियम करावे लागले, यावरूनच काय ते समजा. यादी निरुपयोगी मुळीच नाही. 1909 वर फोन करा, किंवा 'स्टार्ट 0' असा मेसेज इंग्रजी अक्षरांत 1909 ला पाठवा, म्हणजे नोंदलेल्या विक्रेत्यांचे फोन बंद होतात. बँकेचे व्यवहाराचे मेसेज आणि ओटीपी त्यानंतरही येतात, ती काळजी नको. अडचण होते ती कुठेही नोंद न करता, साध्या दहा आकडी मोबाइल नंबरवरून फोन करणाऱ्यांची. ते यादी बघतच नाहीत.

त्यांच्यासाठी तक्रार आहे. 2025 च्या दुरुस्तीनंतर तक्रार करायला तुमचं नाव त्या यादीत असण्याचीही गरज उरली नाही. फोन आल्यापासून सात दिवसांच्या आत 1909 वर, तुमच्या मोबाइल कंपनीच्या किंवा ट्रायच्या ॲपवर तक्रार करता येते. कुठल्या नंबरवरून आला, कधी आला, काय म्हणाला, एवढंच द्यायचं. पूर्वी एखाद्या नंबरविरुद्ध सात दिवसांत दहा तक्रारी झाल्या तर हालचाल व्हायची, आता दहा दिवसांत पाच पुरतात. पहिल्या वेळी त्याचं आउटगोइंग पंधरा दिवस बंद आणि पुन्हा केलं तर वर्षभरासाठी कनेक्शनच तोडायचं, अशी तरतूद आहे. पाच म्हणजे किती? आमच्या सोसायटीतल्या एका जिन्यावर राहणारी घरं पाच. पण आपण त्या माणसाशी दहा मिनिटं हुज्जत घालू आणि एका मिनिटाची तक्रार करणार नाही.

हुज्जतीवरून आठवलं. नकार देताना कारण द्यायची आपल्याला फार हौस. 'कर्ज नको हो, आत्ताच मुलीचं लग्न झालंय.' झालं! समोरच्या कागदावर लग्नानंतरच्या खर्चासाठीचं उत्तर तयारच असतं. 'पैसे नाहीत' म्हणावं, तर 'हप्ते करून देतो'. 'नवऱ्याला विचारते' म्हणावं, तर 'सर किती वाजता येतात?' मराठीत 'नको' असा छान शब्द आहे. 'नाही' म्हटलं की 'का नाही?' हा प्रश्न येतो. 'नको' म्हटलं की पुढे विचारण्यासारखं फार उरत नाही. 'नको, धन्यवाद' म्हणायचं आणि तो श्वास घेतोय तोवर फोन ठेवायचा. ओरडायचं काही कारण नाही. त्या खुर्चीवर बहुधा कुणाची तरी विशीतली मुलगी असते, दिवसाला इतके कॉल झालेच पाहिजेत या धाकाखाली. आम्हीही दिवसभर कानाला हेडफोन लावून लोकांचं बोलणं खाल्लेलं आहे, त्यामुळे मला तिची कीव येते. आणि फोन पटकन ठेवला तर तिचाही वेळ वाचतो.

थकलेल्या कर्जाच्या वसुलीचे फोन मात्र वेगळे. तिथे भाषा धमकीची असते, आणि पुष्कळदा कर्ज घेतलेलं असतं भाच्याने आणि फोन येतो मावशीला. वसुली एजंटांनी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातच्या नंतर फोन करायचे नाहीत, कर्जदाराच्या नातेवाइकांना, मित्रांना त्रास द्यायचा नाही, असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2022 मध्ये स्पष्ट बजावलं आहे. हे नुसतं त्यांना ऐकवलं तरी आवाज खाली येतो, असा आमच्याकडच्या काहींचा अनुभव आहे.

आता ज्या फोनांसाठी मी आज इथे आले, त्यांच्याकडे येते.

2016 च्या ऑक्टोबरात ठाणे पोलिसांनी मीरा रोडला काही कॉल सेंटरवर छापे घातले होते. तिथली तरुण मुलं रात्री अमेरिकेत फोन लावत आणि आपण तिथल्या आयकर खात्याचे अधिकारी आहोत असं सांगत. तुमचा कर थकलाय, पोलीस निघालेत, अटक टाळायची तर आत्ता पैसे भरा. घाबरलेला माणूस दुकानात जाऊन गिफ्ट कार्डं विकत घेई आणि त्यांचे आकडे फोनवर वाचून दाखवी. सातशेवर लोकांची तेव्हा चौकशी झाली. आपण ती बातमी चहा पिता पिता वाचली आणि 'काय हे अमेरिकन लोक, इतके कसे घाबरतात' असं म्हणून पान उलटलं.

आता तोच खेळ आपल्या दारात आलाय. तुमच्या नावाच्या पार्सलात अमली पदार्थ सापडले, तुमच्या आधारवर घेतलेल्या सिमवरून गुन्हा झाला, तुमचं खातं काळ्या पैशाच्या प्रकरणात आहे. मग व्हिडिओ कॉल. समोर गणवेशातला माणूस, मागे भिंतीवर बोधचिन्ह. 'तुम्हाला डिजिटल अरेस्ट केलं आहे.' असा कुठलाही प्रकार कायद्यात नाही. पंतप्रधानांनी 27 ऑक्टोबर 2024 च्या 'मन की बात'मध्ये, म्हणजे याच आकाशवाणीवरून, हे देशाला सांगितलं. अंबाल्याच्या एका वृद्ध दांपत्याने लिहिल्यावर सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2025 मध्ये स्वतःहून दखल घेतली आणि डिसेंबरात तपास सीबीआयकडे सोपवला. तरीही माणसं फसतात.

आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात एक निवृत्त शिक्षिका आहेत. त्यांच्या परवानगीने सांगते, नाव सांगत नाही. तीस वर्षं गणित शिकवलं, हिशेबाला एकदम पक्क्या. एकट्या राहतात. त्यांना असा फोन आला आणि पुढे दीड दिवस तो चालू राहिला. रात्री फोन उशाशी उभा करून ठेवायला लावला, कॅमेरा चालू. कुणाला सांगाल तर मुलालाही आत घेऊ, ही धमकी. सकाळी बेल वाजली तेव्हा बाईंनी फोनमधल्या माणसाला विचारलं, 'साहेब, दूध आलंय, घेऊ का?'

मला त्या सगळ्या हकिकतीतलं हे एक वाक्य झोपू देत नाही. आपल्या घरातलं, आपल्या पैशांचं दूध घ्यायला त्या चोराची परवानगी मागत होत्या.

दुसऱ्या दिवशी फोन पर्समध्ये चालू ठेवून त्या बँकेत गेल्या, मुदत ठेव मोडली. काउंटरवरच्या मुलाने विचारलंसुद्धा, एवढी रक्कम कशाला? त्यांनी पढवलेलं उत्तर दिलं, मुलाला घर घ्यायचंय. पैसे गेले. त्यानंतर आठ दिवस त्या कुणाशी बोलल्या नाहीत. तक्रार केली तोवर रक्कम कितीतरी खात्यांतून पुढे निघून गेली होती. मी त्यांना विचारलं, बाई, एकदा फोन ठेवावासा नाही वाटला? त्या म्हणाल्या, 'वाटलं ना. दहादा वाटलं. पण साहेब बोलत होते.'

यात मूर्खपणा शोधणाऱ्यांचा मला राग येतो. शाळा तपासणीला साहेब आले की उभं राहायचं, साहेबांचं बोलणं तोडायचं नाही, कागद मागितला की पुढे करायचा. आयुष्यभर अंगी बाणवलेली शिस्त होती ती. भामट्याने तिलाच हात घातला. गणित येतं की नाही याचा त्यात काही संबंध नव्हता.

फोनवर दिसणाऱ्या नंबरावर विसंबू नये, हेही सांगायला हवं. परदेशातून लावलेला कॉल इथल्या नंबरासारखा दाखवता येतो. दूरसंचार खात्याने ऑक्टोबर 2024 मध्ये असे कॉल अडवणारी यंत्रणा सुरू केली, तर पहिल्या चोवीस तासांतच सव्वा कोटीहून जास्त कॉल अडवले गेले. बँका आणि सरकारी कार्यालयांसाठी 1600 ने सुरू होणारे वेगळे नंबर दिले गेले आहेत, तो एक आधार झाला. पण अधिकाऱ्याची खूण नंबरात शोधण्यापेक्षा त्याच्या बोलण्यात शोधा. 'फोन ठेवू नका' आणि 'कुणाला सांगू नका' ही दोन वाक्यं ज्याच्या तोंडून आली, तो अधिकारी नाही. खऱ्या पोलिसाला तुम्ही शेजाऱ्याला हाक मारलीत म्हणून काही फरक पडत नाही. भामट्याचा मात्र सगळा धंदा तुम्ही एकटे असण्यावर चालतो.

तेव्हा ठेवायचा. त्याच्या वाक्याच्या मध्ये ठेवायचा. आणि काही खरं असेलच अशी शंका राहिली, तर आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर आपण फोन लावायचा. बँकेचा नंबर पासबुकावर, कार्डाच्या मागे असतो. पोलीस ठाणं चालत जाण्याच्या अंतरावर असतं. 'आई, मी बोलतोय, अपघात झालाय, हा मित्राचा फोन आहे' असा रडवेला आवाज आला, अगदी मुलासारखाच आला, तरीही हेच. आता यंत्राने कुणाच्याही आवाजाची नक्कल करता येते. ठेवा आणि मुलाच्या नेहमीच्या नंबरवर लावा. त्याने नाही उचलला तर सुनेला लावा. दोन मिनिटं जातील. फोनवर कुणी स्टार, 401 असा काही आकडा दाबायला सांगितला तर दाबू नका, त्याने तुमचे कॉल दुसरीकडे वळवले जातात. दाबून बसला असाल तर हॅश हॅश 002 हॅश हे डायल केलं की वळवलेले कॉल परत येतात.

पैसे गेले असतील तर 1930. हा नंबर फोनशेजारी भिंतीवर लिहून ठेवा. पहिल्या तासात केलेला फोन आणि आठ दिवसांनी केलेला फोन यात फार अंतर आहे, कारण रक्कम पुढच्या खात्यात जायच्या आत गोठवता आली तरच हाती लागते. पैसे गेले नाहीत, नुसता संशयास्पद फोन आला, तर 'संचार साथी' पोर्टलवर 'चक्षु' म्हणून सोय आहे, तिथे कळवायचं. घरातल्या तरुणांना एक विनंती. आजीने सांगितलं की असं झालं, तर 'कशाला उचललास' हे पहिलं वाक्य नको. त्या वाक्याच्या भीतीनेच ते आठ दिवस जातात.

पलीकडे कोण असतं? मार्च 2025 मध्ये म्यानमारच्या सीमेवरून पाचशेहून अधिक भारतीयांना विमानांनी परत आणलं. नोकरीच्या आमिषाने नेलेले, तिथे कोंडून फसवणुकीच्या कामाला जुंपलेले. म्हणजे 'साहेब' म्हणून दरडावणारा कधी कधी स्वतःच कुणाच्या तरी धाकात असतो. हे कळल्यावर मला वाईट वाटलं. पण त्यासाठी त्याचं ऐकत बसायचं नाही.

आम्ही संघात आता याची तालीम घेतो. हसू नका. महिन्यातून एकदा, पहिल्या गुरुवारी. दोघांच्या जोड्या करायच्या, एकाने फोन लावायचा, दुसऱ्याने तो वाक्याच्या मध्ये ठेवायचा. पहिल्या दिवशी वीसजणांपैकी एकालाही जमलं नाही. सगळे ऐकत राहिले, माना डोलावत राहिले आणि शेवटी विचारते झाले, 'बरं, ठेवू का?' एका आजोबांनी मोठ्या हिमतीने ठेवला आणि दोन मिनिटांनी समोरच्याला परत फोन लावून माफी मागितली.

गेल्या पावसाळ्यापासून त्या शिक्षिकाबाई तालमीला येऊ लागल्या. पहिले दोन महिने मागच्या बाकावर गप्प बसून होत्या. मग एका गुरुवारी म्हणाल्या, तुम्ही साहेब फार मवाळ करता, माझ्याकडे द्या. आता 'साहेब' कायम त्याच असतात. सगळी वाक्यं त्यांना पाठ आहेत, कुठे दरडावायचं, कुठे एकदम समजुतीने बोलायचं, कुठे म्हणायचं की 'मी तुम्हाला आईसारखं मानतो'. हॉलच्या दुसऱ्या टोकाला उभ्या राहून त्या फोन लावतात. ज्याने लवकर ठेवला त्याला मान हलवून शाबासकी देतात, आणि ज्याने नाही ठेवला त्याला पुन्हा लावतात.